फुकट हॉटेल, फुकट जेवण म्हणे!

खानापूरकर
अनगोळकर, काल तुम्ही लिहिलंत की तुमचा मुलगा ब्रिटनमधल्या लेस्टरमध्ये राबून कर भरतोय आणि होडीतून उतरलेले लोक त्याच्या जिवावर हॉटेलात मजेत राहतायत, म्हणून आश्रय मागणाऱ्यांचे भत्ते सरळ बंद करावेत. रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय. ज्या हॉटेलात जेवण मिळतं तिथं माणशी आठवड्याला 9.95 पौंड हातात पडतात. स्वतः रांधून खाणाऱ्याला 49.18. काम करून खा म्हणाल, तर कामाला परवानगी नाही. वर्षभर अर्जाचा निकाल लागला नाही तरच मागायची, तीही ठरावीक कामांसाठी. हात बांधायचे आणि वर ऐतखाऊ म्हणायचं!

खर्च फुगलाय, कबूल. राहण्याच्या सोयीचे दहा वर्षांचे ठेके 450 कोटी पौंडांत भागतील असा अंदाज होता, तो 1,530 कोटींवर गेल्याचं तिथल्या लेखापरीक्षकांनीच 2025 मध्ये सांगितलं. पण त्यांचंच पुढचं वाचा. हॉटेलात लोक साधारण एक तृतीयांश, ठेक्यांचा खर्च मात्र तीन चतुर्थांश. पैसा अर्ज तुंबल्यामुळं जातोय, भत्त्यामुळं नाही.

अनगोळकर
आकडे पाठ केलायसा, शाब्बास. आता माझं ऐका. पोरगा गेला तेव्हा व्हिसाची फी वेगळी आणि आरोग्यसेवेचा अधिभार वेगळा, आज तो वर्षाला 1,035 पौंड आहे. वर पगारातून कर आहेच. आणि व्हिसावर अट अशी, की सरकारी मदतीला हात लावायचा नाही. मधे त्याची नोकरी गेली, तीन महिने. एक पेनी मिळाली नाही. मी इथनं घराचं बांधकाम थांबवून पैसे पाठवले. मला भूतदया शिकवू नका.

शहापूरचा विणकर
लेस्टर कशाला, आपल्या कर्नाटकातल्या मुंडगोडला जाऊन या की. 1966 पासून तिबेटी लोक आहेत. आपल्या देशानं 1951 च्या निर्वासित करारावर सहीसुद्धा केलेली नाही, तरी जमीन दिली. मका पिकवला, मठ बांधले, थंडीत गावोगाव स्वेटर विकले. बसवून पोसण्यापेक्षा कामाला लावलं. आहे कुणाची तक्रार?

हुक्केरीची सून
आहे, माझी आहे. जमीन दिली म्हणून काय कौतुक सांगायलाय? माझ्या सासऱ्यांची हिडकल धरणात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर येतं, लोक मोबाईल घेऊन फोटो काढायला पळतात. सासरे काठावर उभे राहून भलतीकडंच बघायचे, "तिथं आपली चिंच होती." कागद अजून साखरेच्या रिकाम्या पिशवीत आहेत, घडीवर फाटलेले. परक्यांना शेत आणि आम्हाला तारखा!

शहापूरचा विणकर
ताई, त्यांची जमीन भाडेपट्ट्याची आहे, मालकीची नव्हे. आणि तुमची त्यांनी बुडवली नाही. हिडकलचं पाणी कुणाच्या उसाला गेलं ते बघा.

हुक्केरीची सून
ताई म्हणून गोड बोलू नका. तुमच्या मागावर कधी पाणी सोडलं नाही कुणी.

शहापूरचा विणकर
पाणी नाही, वीजबिल सोडतात. चारातले दोन माग भंगारात घातले. आम्हाला कुणी निर्वासित म्हणत नाही एवढंच.

निपाणीकर
खरे निर्वासित आपणच. उतारा कानडीत, अर्ज कानडीत, नोटीस कानडीत. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा सीमेचा दावा पडलाय. ब्रिटनचा तो अर्जदार वर्षभर थांबतो म्हणून खानापूरकरांना झोप नाही, आणि 865 गावं…

खानापूरकर
आलं! बारशाला बोलावलं तरी हा माणूस सीमाप्रश्नच काढणार. निपाणीकर, घरात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 येतात ना? ते घेताना कानडी बरी समजते.

निपाणीकर
बायकोला येतात. थकले की बँकेत चौकशीला मी जातो. आणि ते आमच्याच कराचे आहेत, उपकार नाहीत. तोंड सांभाळून.

अनगोळकर
भांडा तुम्ही. मी पोराला फोन केला होता. म्हणतो, बसच्या एका खेपेला तीन पौंडांपर्यंत लागतात. म्हणजे 9.95 मध्ये तीन खेपा, चौथीला चालत. बरं, भत्त्याचं माझं मागं घेतो. खानापूरकरांनी पेढे वाटावेत. हॉटेलच्या ठेक्यांचं मात्र एक अक्षर मागं घेणार नाही.

खानापूरकर
अहो, तेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय!

अनगोळकर
तुम्ही म्हणालात म्हणून नव्हे, पोरगा म्हणाला म्हणून.

हुक्केरीची सून
तुमचं लंडन झालं असेल तर एक सांगा. वाढीव भरपाईच्या अर्जाला जुन्या गावचा उतारा मागायलेत. गाव पाण्याखाली. कचेरीतला म्हणतो, आमच्याकडं नाही. कुठनं आणू?

निपाणीकर
वहिनी, सर्व्हे नंबर पाठवा, बघतो मी. मिळाला तर कानडीतच मिळेल, ते आधीच सांगून ठेवतो.