लॅपटॉपचा प्रोसेसर कुठला घेऊ? मदत हवी आहे

मंडळी, नवीन लॅपटॉप घ्यायचाय आणि गाडी दोन प्रोसेसरवर अडकलीये. एक इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही, दुसरा एएमडीचा रायझन एआय ९ एचएक्स ३७०. इंटेलवाला ८ कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) ८ थ्रेड (एकावेळी चालणारी कामं), बेस पॉवर १७ वॅट, रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली म्हणजे ३२ जीबी ती कायमची ३२च, पुढे वाढवायचं नावच नको. रायझनला १२ कोर २४ थ्रेड, पण टीडीपी (म्हणजे ठरवून दिलेली पॉवर) २८ वॅट आणि लॅपटॉप बनवणारी कंपनी तो ५४ पर्यंत नेऊ शकते, म्हणजे एकाच चिपचे दोन लॅपटॉप वेगळेच वागणार, मग यूट्यूबवरचे बेंचमार्क (स्पीडच्या चाचण्या) बघून उपयोग काय सांगा!

माझं काम अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर), एम्युलेटर (लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन) आणि ढीगभर क्रोम टॅब. बिल्ड लावला, म्हणजे कोडपासून अ‍ॅप तयार करायला घेतलं, की सगळे कोर कामाला लागतात, तिथे रायझन भारी पडणार हे कळतंय, पण आमच्याकडे दुपारी लाइट जाते तेव्हा बॅटरीवरच भागवावं लागतं. स्नॅपड्रॅगन (क्वालकॉमचा वेगळ्या, एआरएम पद्धतीचा प्रोसेसर) नको, ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं एक जुनं व्हीपीएन सॉफ्टवेअर त्यावर चालेल असं वाटत नाही.

कोणी यातला एखादा रोज वापरतंय का? चार्जर काढल्यावर बिल्डचा स्पीड किती पडतो आणि फॅन किती बोंबलतो तेवढं सांगा प्लीज, दुकानदार नुसतं ‘दोन्ही बेस्ट’ म्हणतोय.