उत्तर: उत्तर: भरीत पार्टी, आणि यादीत नसलेलं नाव

कडून: सावदेकर नाना
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२४

परदेशातल्या आपल्या खानदेशी मंडळाच्या सगळ्या मंडळींना नमस्कार,

भरीत पार्टीला आमची चार डोकी धरा. मी सध्या गावी आहे, सावद्याजवळ, पुढच्या आठवड्यात परत येतो. पुढचं सगळं विषय सोडून आहे, त्याबद्दल आधीच माफी. कुठेतरी लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

काल विधानसभेचं मतदान झालं. आईच्या मोतीबिंदूचं निमित्त होतं, पण तारीख निवडली ती मतदानाची. आपल्यात ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे त्यांना मत देता येतं, २०११ पासून. परदेशी राहणाऱ्या मतदाराचा ६अ नमुना (अर्ज) भरायचा आणि मतदानाच्या दिवशी गावच्या केंद्रावर मूळ पासपोर्ट घेऊन जातीने हजर व्हायचं. पोस्टाने नाही, वकिलातीत नाही, दुसऱ्याकरवी तर नाहीच. दुसऱ्याकरवी मत देऊ देणारं विधेयक २०१८ साली लोकसभेत मंजूर झालं होतं, पण राज्यसभेत अडकलं आणि लोकसभेबरोबरच विरून गेलं. मी जुलैत अर्ज केला, कागद जोडले, पोचक्रमांक आला.

काल सकाळी सातला रांगेत पहिला मी. यादीत नाव नाही. जुनं नाव 'स्थलांतरित' म्हणून कापलेलं, नवं चढलेलंच नाही. केंद्रावरचे गुरुजी धाकट्या भावाच्या ओळखीचे निघाले. त्यांनी तीनदा यादी चाळली. "दादा, माझ्या हातात आहे ती एवढीच यादी." त्यांचं काय चुकलं?

यादीत वडिलांचं नाव मात्र होतं, फोटोसकट. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या नावाची चिठ्ठी आठवडाभर आधीच घरपोच आली होती. आईने ती त्यांच्या फोटोच्या चौकटीत खोचली आहे. काढ म्हटलं तर काढत नाही.

पण माझा राग मताचा नाही. राग आहे तो प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात जे पाहिलं त्याचा.

एका वाहिनीची गाडी बाजाराच्या दिवशी चौकात आली. जनतेला काय वाटतं, असा कार्यक्रम. मी आणि शेजारचे तात्या उभे होतो. तात्यांची केळीची पिलबाग (कापलेल्या झाडाच्या पिलांपासून धरलेली बाग) मेमधल्या वादळात आडवी झाली. माइक समोर आला तेव्हा ते शांतपणे विम्याचं सांगायला लागले. केळीचा विमा हवामानावरचा आहे. थंडी किती, ऊन किती, वाऱ्याचा वेग किती, हे महसूल मंडळातलं हवामान केंद्र सांगणार आणि त्यावर भरपाई ठरणार. तात्या म्हणाले, "वारा सुटला माह्या बांधावर, अन् मशीन दुसऱ्या गावात. मशीनले काय माहीत माही बाग पडली ते?"

गेल्या दोन महिन्यांत केळीच्या विम्याबद्दल इतकं नेमकं वाक्य मी कुठे वाचलं नाही. माइक तेवढ्यात दुसरीकडे गेला. बाईंनी विचारलं, "लाडक्या बहिणीचे पैसे आले का? मग कौल कुणाला?" मग दोन्हीकडची दहा-दहा पोरं बोलावली, गळ्यात उपरणी, आणि त्यांना सांगितलं, आता जरा जोरात. रात्री टीव्हीवर तीच पोरं दिसली. तात्या नाहीत. पडद्याखालच्या पट्टीत 'रावेरमध्ये वातावरण तापलं'. थंडी पडली होती हो, तात्या मफलर बांधून उभे होते.

माझा एक जुना वर्गमित्र एका वर्तमानपत्राचा तालुका प्रतिनिधी आहे. त्याला विचारलं, तू तरी लिही की. तो हसला. म्हणाला, "बातमीचे मला पैसे मिळत नाहीत, जाहिरातीवर टक्के मिळतात. ज्यांच्या वाढदिवसाची पुरवणी मी दरवर्षी आणतो, त्यांना उठून विमा विचारू?" निवडणुकीत तर पॅकेज असतं. सभेला किती गर्दी झाली इथपासून ते घरोघरी औक्षण झालं इथपर्यंत सगळं त्यात. कुठे जाहिरात संपते आणि बातमी सुरू होते ते कळू नये, याचीच किंमत. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख. हे पॅकेज त्या हिशेबात कुठल्या रकान्यात बसतं, हे विचारल्यावर त्याने चहा मागवला.

पुढाऱ्यांना कोणी विचारतच नाही, एवढंच माझं म्हणणं.

— सावदेकर

*

कडून: माई (अमळनेर)
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२४

नाना,

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. आईंच्या डोळ्याचं आधी कळवा.

मात्र 'कोणी विचारत नाही' हे मला पटलं नाही. आमच्या अमळनेरला या. तापीवरचं पाडळसे धरण, कागदोपत्री निम्न तापी प्रकल्प. नव्वदच्या दशकात काम सुरू झालं. तेव्हा माझ्या वर्गात सहावीत असलेल्या मुलींची मुलं आता कॉलेजात आहेत, आणि धरण अजून अर्धवट. त्यासाठी लोकांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, निवेदनांची थप्पी लावली. छापूनही आलं, पहिल्या पानावर आलं. पुढाऱ्यांना तोंडावर विचारलं गेलं. त्यांनी उत्तरंही दिली, आणि दर पाच वर्षांनी छान दिली. 'निधी कमी पडू देणार नाही' हे वाक्य तर पाठ आहे मला.

आणि तुम्ही ज्या मातीवर उभे आहात तिथून फैजपूर हाकेच्या अंतरावर. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं, अध्यक्ष नेहरू. तिथल्या ठरावात शेतसारा कमी करा, कर्जाचा बोजा उतरवा, असं कलमवार लिहिलं होतं. माझे वडील फार अभिमानाने सांगायचे. पण नाना, त्याला आता ८८ वर्षं होतील, आणि कर्जमाफी अजून जाहीरनाम्यात आहेच.

पार्टीला मी एकटी. तिखट बेताने घाला, गेल्या वर्षी दोन दिवस त्रास झाला.

— माई

*

कडून: धुळेकर
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२४

नाना, माई,

बठा सारखाच शेतस! म्हणजे सगळे सारखेच. हे आमच्या आजोबांचं सगळ्या निवडणुकांवरचं एकमेव भाष्य. ते मनमाड–इंदूर रेल्वेची वाट पाहत गेले. वडील बँकेतून निवृत्त झाले तरी 'रेल्वे ई राहिनी' सुरूच. शाळेत मी 'धुळे रेल्वेने इंदूरला जोडले तर' या विषयावर निबंध लिहिलाय, दहापैकी आठ गुण.

यंदा २ सप्टेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने खरोखर मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. मी खूश झालो, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशीच्या बातम्या पाहा. पेढे, फटाके आणि श्रेय कुणाचं यावर अर्धा तास हमरीतुमरी. जमीन कुणाची जाणार, शिरपूरकडचं काम आधी की नंतर, पहिली गाडी कोणत्या साली, यावर एक ओळ नाही. मावशीचं शेत त्या बाजूला आहे. तिला माहिती मिळाली ती चहाच्या टपरीवर.

बाकी नाना, तुमचं मत गेलं त्याला हसू नका कोणी. आमच्या धुळ्यात यंदाच लोकसभेला खासदार ३,८३१ मतांनी ठरला. एवढी माणसं तर आमच्या गल्लीच्या लग्नाला असतात.

दोन डोकी. आणि शेवभाजी पण ठेवा कोणीतरी.

*

कडून: सचिव
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२४

सर्व सभासदांस नम्र विनंती. या ई-मेल यादीवर राजकीय चर्चा करू नये, असं मंडळाच्या घटनेत कलम आहे. भरीत पार्टीची संख्या रविवारपर्यंत हवी. आतापर्यंत फक्त सात.

(व्यक्तिशः: आमच्या चोपड्यातही हेच. पण कृपया थांबा.)

*

कडून: तळोदेकर डॉक्टर
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२४

सचिवसाहेब, मी राजकारण लिहीत नाही, भूगोल लिहितोय.

महाराष्ट्रातल्या २८८ मतदारसंघांची यादी आमच्या अक्कलकुव्यापासून सुरू होते. क्रमांक १. शहादा २, नंदुरबार ३, नवापूर ४. पुढे मुक्ताईनगर २०, तिथे खानदेश संपतो. मोजायला सुरुवात आमच्यापासून. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

मणिबेलीला, सरदार सरोवराच्या पाण्याकाठी, मतदानाची पेटी होडीने जाते. दर निवडणुकीत तिचा फोटो छापून येतो, लोकशाहीचा उत्सव वगैरे. ती होडी पेटीसाठी वेळेवर येते. बाळंतिणीसाठी आली तर मला कळवा. मी इंटर्नशिपमध्ये झोळीतून आणलेल्या बायका पाहिल्यात. बांबूला चादर बांधलेली, चार माणसं खांद्यावर, सहा-सात किलोमीटर चढउतार. आता त्याचे व्हिडिओ येतात, दर पावसाळ्यात एक तरी. वाहिन्या दाखवतात, तेव्हा नाना, दाखवत नाहीत असं नाही. दोन दिवस हळहळ होते. पुढच्या पावसाळ्यात नवी झोळी.

टेंभली आठवते ना? २९ सप्टेंबर २०१०, देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्या जिल्ह्यात दिलं. पंतप्रधान आले, सोनिया गांधी आल्या, देशभरातले कॅमेरे आले. हेलिपॅड एका रात्रीत होतं, हे मला तेव्हा समजलं.

म्हणून मी माईंच्या बाजूचा. विचारून होत नाही, दाखवूनही होत नाही.

तीन डोकी, एक शाकाहारी. (भरीत शाकाहारीच असतं, पण बायकोने लिहायला सांगितलं.)

*

कडून: माई (अमळनेर)
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२४

आज निकाल. काल रात्रीपासून लॅपटॉप लावून बसले होते. तिकडे सकाळी आठला मोजणी सुरू झाली आणि नऊच्या आत सगळे तज्ज्ञ 'आम्ही हेच म्हणत होतो' म्हणायला लागले. जूनमध्येही असंच झालं होतं. १ जूनच्या एक्झिट पोलमध्ये चारशेच्या गप्पा, ४ जूनला भाजप २४० वर आणि आघाडी मिळून २९३. त्या पोलवाल्यांपैकी कितींनी नोकरी सोडली? माझ्या शाळेत इतकं चुकलं असतं तर पेपर परत तपासायला लावले असते.

तारखेचा योगायोग कोणाच्या लक्षात आला का? बरोबर पाच वर्षांपूर्वी, २३ नोव्हेंबर २०१९ ला, तो पहाटेचा शपथविधी. इथे अजून २२ ची रात्र होती आणि मी जेवणानंतरची भांडी घासत होते. तेव्हापासून दोन शिवसेना झाल्या, दोन राष्ट्रवादी झाल्या. कोण कुठे आहे हे मी वहीत लिहून ठेवायचे. गेल्या वर्षी सोडलं. खाडाखोड फार झाली.

नाना, तुम्ही गप्प का?

*

कडून: सावदेकर नाना
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२४

माई, डॉक्टर,

गप्प नव्हतो, माळ्यावर होतो.

आईने सांगितलं, जाण्याआधी बापाची ट्रंक बघून घे, वाळवी लागेल. उघडली तर निवडणुकीची पत्रकं, सुतळीने बांधलेली. १९९५, ९९, २००४, पुढची पण. मला वाटलं, हौस म्हणून ठेवली असतील. मग एक उलटं केलं. मागची बाजू कोरी असते ना, त्यावर त्यांनी केळीचा हिशेब लिहिलाय. किती घड कापले, वजन काय भरलं, त्या दिवशी बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला, कापणाऱ्यांची मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं, खाली व्यापाऱ्याकडे बाकी. कागद फुकट का घालवायचा, एवढाच त्यांचा विचार असणार.

तासभर मी एक बाजू वाचायचो, मग दुसरी. पुढच्या बाजूला केळीवर प्रक्रिया उद्योग, दिवसा वीज, बारमाही रस्ता. मागच्या बाजूला 'रात्री लाइट, पाणी भरायला गेलो, साप'. एवढंच लिहिलंय. चिन्हं बदलत गेली, एकदोन ठिकाणी माणूस तोच आणि चिन्ह वेगळं. केळीप्रक्रियेचा उद्योग मात्र प्रत्येक पत्रकात आहे. एकात तर सहा महिन्यांत.

तेव्हा माई, तुमचं खरं. विचारलं जातं. मी 'कोणी विचारत नाही' म्हणालो ते चौकातल्या रागाच्या भरात. पण मागच्या वेळी काय म्हणालात, हे कागद हातात घेऊन विचारणारा मला कुठे दिसला नाही. वर्गमित्राला काल ट्रंक दाखवली. त्याने चार पत्रकांचे मोबाइलवर फोटो काढले. छापेल का, विचारलं नाही. त्यालाही मुलीची फी भरायची आहे.

मी ही ट्रंक तिकडे आणणार होतो. आई म्हणाली, "ते तिथे नेऊन काय करशील? तात्याले लागतात ते भाव." तात्या म्हणे अजूनही येतात, बसतात, कोणत्या साली नवतीला (नव्या केळीला) काय निघालं होतं ते बघून जातात. ट्रंक इथेच राहील.

आईचा डोळा छान आहे. पट्टी निघाली. पहिल्यांदा वाचलं काय, तर ती चौकटीतली चिठ्ठी. म्हणे, फोटो फार जुना लावलाय.

बामणोदची वांगी आणता येणार नाहीत, विमानतळावर काढून घेतात. कळण्याचं पीठ तीन किलो आणतो. तिथली मोठी जांभळी वांगी कोळशावर भाजली तर बरी लागतात, फक्त कांद्याची पात भरपूर हवी आणि हिरवी मिरची माईंसाठी वेगळी वाटा. धुळेकर, शेव तुम्ही आणा.

ता. क. आज सकाळी पोचक्रमांक टाकून अर्ज पाहिला. अर्ज प्रक्रियेत आहे.