मदत हवी आहे (कोविड लॉकडाऊनच्या काळातली पोस्ट): आईच्या पायाची जखम, कुठली ओपीडी चालू आहे?

नमस्कार मंडळी, आम्ही वाळवा तालुक्यातले. आईला शुगर आहे, लॉकडाऊन लागल्यापासून चेकअप बंदच, मेडिकलवाला जुनी चिठ्ठी बघून गोळ्या देतोय तेवढंच. आता अंगठ्याला चप्पल लागून जखम झालीये, कडेनं काळपट पडायला लागलीय आणि आई म्हणते दुखत नाय तर कशाला जायचं, अगं शुगरवाल्यांना बऱ्याचदा दुखतच नाही हीच तर पंचाईत! दवाखान्याचं नाव काढलं की "तिथं गेलं की पॉझिटिव्ह काढत्यात" सुरू. मार्च २०२० ला इस्लामपुरात पेशंट सापडले तेव्हापासनं इकडं जी धास्ती बसलीय ती बसलीच, आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारात आल्या तरी लोक ताप लपवतात, मग एकट्या आईला काय बोलणार.

मिरज सिव्हिल कोविडला घेतलंय, मग बाकीच्या पेशंटनी जायचं कुठं? सांगली-इस्लामपूर साईडला अशी जखम बघणारी ओपीडी कुठं चालू आहे का, आधी टेस्ट मागतात का? ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन ओपीडी) डॉक्टरला दाखवून भागेल का प्रत्यक्षच न्यावं लागेल? आणि घरातल्या हट्टी म्हाताऱ्या माणसाला कुणी तयार केलं असेल तर कसं ते पण सांगा, उद्या सकाळीच गाडी काढायचा विचार आहे.