जादा एफएसआयच्या बदल्यात मोकळा चौक: सुनावणीत काय विचारू?

दुसरा मजला: शेजारच्या प्लॉटवर टॉवर येतोय. बिल्डर तळाला लोकांसाठी मोकळा चौक देणार आणि त्या बदल्यात त्याला वर जादा एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) मिळणार. चित्रात झाडं, बाक, खेळणारी पोरं, सगळं आहे. आमच्यात दोनच गट पडलेत: नुसते भडकलेले आणि नुसते भारावलेले. मला मोडता घालायचा नाही, पण फसायचंही नाही. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे.

निवृत्त आराखडेवाला: चित्र बाजूला ठेवा, नकाशा मागा.

मी तीसेक वर्षं हेच नकाशे तपासले. एक चौक अजून डोळ्यांपुढून जात नाही. कागदावर रस्त्याला लागून, सगळीकडून मोकळा. दोन वर्षांनी सहज म्हणून गेलो, तर वॉचमन विचारतो, "कोणाकडे जायचंय?" बसायचा म्हणून दाखवलेल्या कठड्यावर अणकुचीदार पट्टी ठोकलेली. मोजमापात मात्र फूटभरही खोट नव्हती. नकाशावर सही माझीच.

न्यूयॉर्कचंही हेच झालं. १९६१च्या नियमांनी दाट वस्तीच्या भागात चौकाच्या १ चौरस फुटामागे १० चौरस फूट जादा बांधकाम दिलं. चौक भराभर झाले, पण बसायचं कुठे हे नियमात नव्हतंच. १९७५ साली दर ३० चौरस फुटांमागे १ फूट लांबीची बैठक सक्तीची केली. तरी २०००च्या पाहणीत ३२० इमारतींच्या अशा ५०३ सार्वजनिक जागांपैकी ४१ टक्के जेमतेम उपयोगाच्या निघाल्या.

म्हणून विचारा: फाटक कुठे, उघडं किती वाजेपर्यंत, बैठक किती फूट, चौक रस्त्याच्या पातळीवर की जोत्यावर? लोकांचा हक्क नोंदणीकृत करारात आहे का? आणि चौक खुला झाल्याशिवाय जादा मजल्यांना भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जायची परवानगी) नाही, ही अट लिहून घ्या. माणसं राहायला आली की पुढे कोणी ढुंकून बघत नाही.

नळाला पाणी कधी: चौकच का पण? माणसं वाढली की पाणी, मलवाहिनी, शाळेचे वर्ग अपुरे पडतात. त्यापेक्षा पैसे घ्यावेत. साओ पावलो २००४पासून जादा बांधकामाच्या हक्काचे रोखे लिलावात विकतं आणि तो पैसा त्याच ठरवलेल्या पट्ट्यात खर्चावा लागतो.

निवृत्त आराखडेवाला: मुद्दा रास्त आहे. पण "त्याच पट्ट्यात" हे शब्द गळले की पैसा सगळ्या शहराच्या हिशेबात जातो आणि गर्दी तेवढी तुमच्या वाट्याला. चौक निदान जागचा हलत नाही.

दुसरा मजला: आज नकाशा बघून आलो. चौक रस्त्यापासून सहा पायऱ्या वर आहे. पायऱ्या फाटकाच्या आत.

निवृत्त आराखडेवाला: मग ते त्यांचं अंगण झालं. पायऱ्या आणि फाटक, दोन्हींचा उल्लेख नकाशा क्रमांकासह लेखी हरकतीत करा. उतारही मागा, व्हीलचेअर सहा पायऱ्या चढत नाही. आणि अर्जाची पोच घ्या, तोंडी बोललेलं इतिवृत्तात येईलच असं नाही.