चूक दाखवताना समोरचा दुखावला जाऊ नये, यासाठी कसे बोलावे?

प्रश्न:
नमस्कार. गटाची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली असून गटातील दोघे वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा मोठे आहेत. त्यांच्यापैकी एकांच्या अहवालातील बेरीज चुकली होती, तेव्हा मी सर्वांसमोर "तुम्ही हे आकडे तपासले नाहीत का?" असे विचारले. माझ्या मनात शंकाच होती, परंतु त्यांना तो आरोप वाटला आणि तेव्हापासून ते कामापुरतेच बोलतात. पुढे प्रत्येक विनंतीला 'कृपया' जोडून पाहिले, तर बोलणे अधिकच कोरडे झाले. स्पष्टपणा न सोडता कसे बोलावे?

प्रतिसाद १:
'कृपया' सूचनाफलकावर शोभते. मराठी बोलण्यातील आर्जव बहुधा क्रियापदातच असते. "अहवाल द्या" आणि "अहवाल द्याल का?" यांत फरक पडतो तो केवळ क्रियापदाच्या रूपाने. चुकीबाबतही तसेच आहे: "तुम्ही चूक केली" म्हटले की माणूस पुढे येतो, "इथे बेरीज चुकलेली दिसते" म्हटले की बेरीज पुढे येते, आणि दुरुस्ती तर बेरजेचीच करायची असते. 'नाहीत का?' असा नकारार्थी प्रश्न मात्र टाळावा, कारण त्यात उत्तर आधीच गृहीत धरलेले असते.

प्रतिसाद २:
वरील मुद्दा मान्य आहे, तरी सौम्यपणाचाही अतिरेक होतो. एका तातडीच्या कामाबद्दल मी "जमेल तसे पाहा" असे म्हणालो आणि समोरच्याने ते शब्दशः घेतले. दोष माझाच होता. 'आपण' हा शब्दही जपून वापरावा. "आपण हे आज पूर्ण करावे" यातील 'आपण' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही' की आपण सगळे, हे न कळल्याने काम कोणाचेच राहत नाही. विनंती कितीही मृदू असली, तरी काम कोणाचे आणि मुदत कोणती, हे त्यात आलेच पाहिजे.

प्रतिसाद ३:
भाषाशास्त्रज्ञ पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांच्या मांडणीनुसार बोलणे किती बोचेल हे दोघांतील जवळीक, अधिकार आणि मागणीचे ओझे यांवर ठरते. आपल्याकडे अधिकार आहे, त्यांच्याकडे ज्येष्ठता. अशा वेळी तोच प्रश्न एकांतात विचारला असता तर एवढा बोचला नसता, असे मला वाटते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. उद्या त्यांना एकांतात भेटून "त्या दिवशी बोलण्यात चूक झाली" असे सांगेन.

प्रतिसाद १:
जरूर भेटा. फक्त तिथे माझी युक्ती वापरू नका; "माझे चुकले" असेच म्हणा.