स्टर्नड्राइव्ह : अलाइनमेंट टिकत नाही, मागचे माउंट की स्ट्रिंगर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. २० फुटी फायबरची बोट आहे, ४.३ लिटर व्ही-६ पेट्रोल इंजिन, अल्फा वन जेन टू ड्राइव्ह (बोटीच्या मागे बाहेर असलेला, पंखा फिरवणारा भाग). खाऱ्या पाण्यात, मांडव्याच्या बाजूला चालते.

अलाइनमेंट बार (इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत का ते तपासायचा दांडा) दोन बोटांनी सरकत आत जाईल असं बसवतो. आठ-दहा तास चालवून ड्राइव्ह काढला की बार कपलरच्या (इंजिनच्या मागचा, ड्राइव्हचा शाफ्ट ज्यात बसतो तो जोड) तोंडाशी अडतो, आणि त्यावरच्या ग्रीसवर खूण एकाच बाजूला उमटते. वळताना घरघरही येते. बार हातोडीने ठोकून बसवायचा नाही, त्यात कपलरचे स्प्लाइन (आतले दाते) जातात.

आतापर्यंत गिंबल बेअरिंग (ड्राइव्हच्या शाफ्टला आधार देणारं) नवीन घातलं. बेलोज (पाणी अडवणारी रबरी आवरणं) कोरडे आहेत, यू-जॉइंटला (शाफ्टचा वळणारा सांधा) खेळ नाही. इंजिन हाताने फिरवून चारही स्थितींत बार लावला, खूण त्याच बाजूला. म्हणजे कपलर वाकडा नसावा. पुढच्या माउंटचे (इंजिन ज्यावर टेकतं ते आधार) लॉकनट घट्ट आहेत, पण दर वेळी इंजिन पुढून थोडं उचलावं लागतं आणि आता आटे संपत आलेत. याचीच जास्त काळजी वाटते. डाव्या माउंटखालचा स्ट्रिंगर (बोटीच्या तळातली लांब आधार-तुळई) ठोकल्यावर आवाज बद्द येतो, उजव्याचा खणखणीत.

क्रेन एकच दिवस मिळणार आहे, म्हणून इंजिन उचलण्याआधी नक्की करायचंय. मागच्या माउंटचे फायबर वॉशर दबलेत की डावा स्ट्रिंगर आतून कुजलाय, हे इंजिन जागेवर ठेवून कसं ओळखायचं? स्ट्रिंगरला भोक पाडून बघायचं तर नेमकं कुठे आणि किती खोल?