पाणपक्ष्यांचे जवळून फोटो कसे काढावेत? पक्षी थांबतच नाहीत – मदत हवी आहे

तलावकाठ: तीन रविवार झाले, पहाटे उठून तलावावर जातो आणि तसाच परत येतो. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पोचलो की सगळा थवा पलीकडच्या काठाला. फोटोत पक्षी म्हणजे ठिपके, मोठे केले की धूसर. नवी लेन्स घ्यावी का? या रविवारी परत जायचं आहे, त्याआधी सांगा.

धुऱ्यावरचा: भाऊ, कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, तलाव कोणता, पक्षी कोणते? हे तं लिहा आधी.

रानवाट: १५०-६०० मिमीची लेन्स घ्या. मी दोन वर्षं ३०० वर घालवली, आता पस्तावतो.

तलावकाठ: साधा डीएसएलआर, ५५-२५०. भंडारा जिल्ह्यातला गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव, नाव सांगत नाही, गर्दी व्हायला नको. पट्टकादंब (हिवाळ्यात येणारे रानहंस) हवे आहेत, पस्तीस-चाळीस आलेत. सात वाजता पोचतो.

बोडीवाला: लेन्सनं पक्षी जवळ येत नाही, रानवाट. मी २५० नंच कमळपक्षी काढलाय, बोडीच्या (लहान तळ्याच्या) चिखलात तासभर पोटावर पडून. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आला की फोटोच बदलतो.

रानवाट: कमळपक्षी अन् पट्टकादंब एक नाहीत. हे शंभर पावलांवरूनच मान वर करतात.

धुऱ्यावरचा: गाडी कुठे लावता? उभे राहता का? शटरचा वेग किती?

तलावकाठ: गाडी पाळीवरच. उभाच असतो. शटर ऑटोवर.

धुऱ्यावरचा: मग लेन्सचे पैसे वाचवा. पाळ उंच असते. तिच्यावर उभा माणूस पाण्यातल्या पक्ष्याला आभाळावर काढल्यासारखा दिसतो. पट्टकादंब बऱ्याचदा रात्री शेतात चरतात, लाखोरी-हरभऱ्यात, आणि सकाळी पाण्यावर विसाव्याला येतात. तुम्ही सातला पोचता तेव्हा ते टेकलेले असतात. अंधारातच जा, गाडी दूर ठेवा, पूर्वेच्या काठाला बेशरमाच्या झुडपाआड खाली बसा, म्हणजे ऊन पाठीमागून येईल. ते परत येतील तेव्हा तुम्ही आधीपासून तिथं असाल. शटर निदान १/१००० सेकंद, त्यासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल.

आकाशझेप: ड्रोन का नाही वापरत? वरून पूर्ण थवा येतो.

बोडीवाला: कृपा करून नको! हिमालय ओलांडून आलेले पक्षी आहेत. चार महिने खाऊन-विसावून त्यांना परतायचं असतं. ड्रोन दिसला की आख्खा तलाव रिकामा होतो.

ढिवरटोली: आमचे बाबा रोज डोंग्यातून जाळं टाकतात, बदकं दहा-पंधरा हातांवर बसलेली असतात. रोजचा डोंगा त्यांच्या ओळखीचा झालाय. त्यात बसून जा. मच्छीमार संस्थेला विचारून मात्र, शिंगाड्याचे वेल तुडवू नका.

रानवाट: हलत्या डोंग्यातून धूसरच येणार.

ढिवरटोली: वल्हं थांबवलं की डोंगा स्थिर राहतो. बसून पाहा एकदा.

जुनापांथस्थ: विषय निघाला म्हणून. पक्ष्यांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना नवेगावबांधला होते. पाखरांची किती तरी नावं त्यांनी ढिवरांकडून (मासेमारांकडून) ऐकली. तो तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाचं पाण्याचं ज्ञान आता कोण विचारतो?

संगणकस्नेही: रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) काढा. सोळा जीबी रॅमखाली संगणक घेऊ नका.

तलावकाठ: संगणक आहे हो, पक्षी नाहीत! पाचला जाऊन बसतो.

तलावकाठ: (रविवार) आले! साडेसहाला, आवाज करत, डोक्यावरून. चाळीस पावलांवर उतरले, डोक्यावरचे दोन काळे पट्टे डोळ्यांनी दिसले. पण निम्म्या फोटोंत फोकस समोरच्या गवताच्या काड्यांवर. आता हे कसं सोडवू?

धुऱ्यावरचा: सगळे फोकस बिंदू चालू असतील. मधला एकच ठेवा, डोळ्यावर धरा. आणि पुढच्या वेळी बसण्याआधी समोरच्या दोन-चार काड्या हातानं वाकवून घ्या, उपटू नका.